इतकी वर्षे चालले, मग आत्ताच कसे?

केसांना वर्षानुवर्षे एकच कलप लावणाऱ्या माणसाला एके दिवशी कानामागे, कपाळाच्या कडेला आणि मानेवर खाज सुटते. दुसऱ्या दिवशी पापण्या इतक्या सुजतात की डोळे उघडत नाहीत आणि कानाच्या पाळीवरून लस गळू लागते. कलपाबद्दल विचारले की उत्तर ठरलेले असते, ‘तो तर मी पंधरा वर्षे लावतोय, त्याने कसे होईल?’ मग संशय आदल्या रात्रीच्या वांग्याच्या भाजीवर जातो, नव्या साबणावर जातो, उन्हाळ्यावर जातो आणि शेवटी ‘रक्तात दोष आहे’ असे निदान घरातच होते. कलप मात्र निर्दोष सुटतो आणि महिन्याभराने पुन्हा डोक्याला लागतो. गवंडी सिमेंटबद्दल हेच म्हणतो, शेतकरी बांधावरच्या गवताबद्दल हेच म्हणतो, गृहिणी लसणाबद्दल हेच म्हणते. हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो, पण तो मुळातच उलटा आहे. स्पर्शातून होणाऱ्या ॲलर्जीत एखाद्या वस्तूशी असलेली जुनी ओळख हा तिच्या निर्दोषपणाचा पुरावा होऊच शकत नाही, कारण ओळख झाल्याशिवाय ही ॲलर्जी होतच नाही. असे का, हे कळले की या आजाराचे निदान, त्याचे उपचार आणि त्याला आळा घालण्याचे मार्ग या तिन्हींकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

आधी थोडी वर्गवारी करायला हवी, कारण खाज आणि लाली सारखीच दिसली तरी कातडीत चाललेले प्रकार वेगवेगळे असतात. अंगावर पित्त उठते तेव्हा गांधी काही मिनिटांत उमटतात, जागा बदलतात आणि बहुधा काही तासांत मागमूस न ठेवता जिरतात. तो प्रकार वेगळा. दुसरा प्रकार निव्वळ क्षोभाचा. चुना, सोडा, भांड्यांची पावडर, फिनेल, ओले सिमेंट यांनी कातडीचा वरचा थर झिजतो, तेलकटपणा निघून जातो, भेगा पडतात. यात प्रतिकारशक्तीच्या आठवणीचा संबंध नसतो. पदार्थ पुरेसा तीव्र असेल आणि पुरेसा वेळ लागला तर कोणाचेही हात खराब होतील. स्पर्शातून होणाऱ्या त्वचादाहात मोठा वाटा याच प्रकाराचा आहे. तिसरा प्रकार खऱ्या अर्थाने ॲलर्जीचा. तिथे पदार्थ इतर शंभर जणांना काही करत नाही, पण एकाला त्याचा अंशही सोसत नाही. दुसरा आणि तिसरा प्रकार बाहेरून पाहून वेगळे ओळखणे अनुभवी डॉक्टरांनाही अवघड जाते आणि अनेकदा ते एकाच हातावर नांदतात. या लेखात भर आहे तो तिसऱ्यावर, कारण गैरसमज तिथेच सर्वाधिक आहेत.

कलपातले पॅराफेनिलीनडायअमाइन, खोट्या दागिन्यांतले निकेल, सिमेंटमधले क्रोमियम हे सगळे अगदी लहान आकाराचे पदार्थ. कातडीचा वरचा थर भेदून आत जायचे तर रेणू साधारण ५०० डाल्टनपेक्षा लहान असावा लागतो. इतक्या लहान गोष्टीची प्रतिकारशक्ती एरवी दखलही घेत नाही. पण आत शिरल्यावर हे पदार्थ कातडीतल्या प्रथिनांना चिकटतात आणि आपलेच प्रथिन परके दिसू लागते. १८६८ मध्ये बर्लिनला वैद्यक शिकत असलेल्या पॉल लँगरहान्सने कातडीत फांद्यांसारखे हात पसरलेल्या पेशी पाहिल्या आणि त्या मज्जातंतूंच्या असाव्यात असा अंदाज बांधला. त्या प्रतिकारशक्तीच्या पहारेकरी आहेत हे कळायला पुढे शतकभर गेले. या आणि त्यांच्यासारख्या पेशी ते बदललेले प्रथिन उचलतात, काखेतल्या, मानेतल्या किंवा जांघेतल्या लसिका ग्रंथीपर्यंत पोचवतात आणि तिथे टी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींना त्याची ओळख पटवून देतात. ती ओळख धरणाऱ्या पेशींची संख्या वाढते, त्या रक्तातून अंगभर पसरतात आणि काही कातडीतच मुक्काम ठोकतात. या साऱ्याला दहा दिवस ते दोन-तीन आठवडे लागतात आणि या काळात बाहेर काहीही दिसत नाही. त्यानंतर तोच पदार्थ पुन्हा लागला की या पेशी एक ते तीन दिवसांत तिथे गोळा होतात आणि कातडी लाल होते, सुजते, पाणी धरते. म्हणजे पहिल्या भेटीत ॲलर्जी दिसणे जवळजवळ अशक्य. ही ओळख पटण्याचा क्षण दुसऱ्या आठवड्यात येईल की विसाव्या वर्षी, हे मात्र कोणी सांगू शकत नाही. मात्रा थोडी असेल, कातडी शाबूत असेल तर वर्षे निघून जातात. एखाद्या दिवशी डोक्यावर ओरखडा असतो किंवा कलप नेहमीपेक्षा जास्त वेळ राहतो आणि तोल ढळतो. पंधरा वर्षांच्या निर्धोक वापरातून एवढेच सिद्ध होते की पंधरा वर्षे तो क्षण आला नव्हता.

ही गृहीतकांची मांडणी नाही, प्रयोगांनी तपासलेली गोष्ट आहे. रक्तगटांच्या शोधासाठी १९३० चे नोबेल मिळवणाऱ्या कार्ल लँडस्टायनर यांनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत हाच प्रश्न हाती घेतला होता. १९४२ मध्ये त्यांनी आणि मेरिल चेस यांनी साध्या रसायनाची ॲलर्जी जडलेल्या गिनीपिगांच्या शरीरातल्या पांढऱ्या पेशी काढून दुसऱ्या, त्या रसायनाशी कधीच संबंध न आलेल्या गिनीपिगांना टोचल्या. त्यांनाही ती ॲलर्जी आली. ही स्मृती पेशींत असते, रक्तातल्या विरघळलेल्या प्रतिपिंडांत नाही, हे त्यातून पुढे आले. आजच्या रुग्णाला या जुन्या प्रयोगाचा थेट उपयोग आहे. ‘ॲलर्जीची पूर्ण तपासणी’ म्हणून रक्तातले आयजीई नावाचे प्रतिपिंड मोजले जाते, शेंगदाण्यापासून धुळीपर्यंतची लांबलचक यादी छापून येते आणि माणूस निम्मे अन्न सोडतो. ती तपासणी पित्त, दमा, शिंका, अन्नाची तात्काळ येणारी ॲलर्जी यांच्या संदर्भात कामाची असू शकते. कलपाची, निकेलची किंवा सिमेंटची ॲलर्जी तिच्यात दिसणार नाही, कारण तिथे आयजीईचा हात नसतो. शिवाय एक ते तीन दिवसांचा हा उशीर कारण शोधताना हमखास चकवतो. आपण नेहमी तासाभरापूर्वी काय घडले ते आठवतो. खाज मंगळवारी सुटली की मंगळवारचे जेवण आठवते. रविवारी लावलेला कलप आठवत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. घरात सगळे तोच साबण, तेच तेल, तीच भाजी वापरतात. मग एकालाच का? या प्रश्नात बहुधा एक आरोप दडलेला असतो की त्या माणसाची कातडी नाजूक आहे, प्रकृती कमकुवत आहे. पुरावा तसे म्हणत नाही. डायनायट्रोक्लोरोबेन्झीन नावाचे रसायन आहे. त्याची पुरेशी मात्रा कातडीवर एकदाच लावली तरी बहुतेक निरोगी माणसांना त्याची ॲलर्जी जडते. म्हणजे क्षमता सर्वांकडे आहे. पदार्थ किती जहाल, कातडीच्या किती लहान जागेवर किती मात्रा पडली आणि ती कातडी त्या वेळी कोणत्या अवस्थेत होती, यावर निकाल लागतो. कान टोचले की ताज्या जखमेत निकेलची तार तासन्‌तास राहते. धुणी-भांडी करणाऱ्या बाईचे हात दिवसातले कित्येक तास पाण्यात असतात आणि त्या ओलसर, भेगाळलेल्या कातडीतून हातमोज्याच्या रबरातली रसायने सहज आत जातात. काहींच्या कातडीचा तट जन्मतःच विरळ असतो. फिलाग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकातला दोष आणि लहानपणापासूनचा इसब यांचे नाते २००६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीच्या संशोधकांनी दाखवून दिले. अशा माणसांनी क्षोभकारक गोष्टींपासून इतरांपेक्षा जास्त जपायला हवे. पण ज्याला ॲलर्जी आली त्याचे शरीर दुबळे आहे असे नव्हे. उलट त्याच्या प्रतिकारशक्तीने आपले काम फारच चोखपणे केलेले असते, फक्त चुकीच्या वस्तूवर.

दुसरा आक्षेप नैसर्गिक वस्तूंच्या बाजूने येतो. रसायने सोडा, झाडपाल्याकडे वळा, म्हणजे हा त्रास होणारच नाही, असे आग्रहाने सांगितले जाते. महाराष्ट्रात हे म्हणणे टिकणे कठीण आहे, कारण बिब्बा आपल्याला ठाऊक आहे. पायात काटा मोडला की बिब्ब्याचा चटका देणे, दुखऱ्या सांध्यावर बिब्बा लावणे ही जुनी वहिवाट आणि ‘बिब्बा उतला’ हे तिच्याइतकेच जुने दुखणे. लावलेल्या जागी फोड, मग आजूबाजूला पुरळ, कधी तोंड आणि डोळे सुजणे. बिब्ब्याच्या टरफलातले तेल अमेरिकेतल्या पॉयझन आयव्ही या कुप्रसिद्ध वेलीच्या चिकाचे सख्खे भावंड आहे. आंबा आणि काजूही त्याच कुळातले. म्हणून आंबा चोखून खाल्ल्यावर काहींच्या ओठांभोवती चट्टे उठतात; दोष देठाजवळच्या चिकाचा आणि सालीचा असतो, गराचा बहुधा नसतो. कोकणात आणि गोव्यात काजू फोडणाऱ्या बायका हाताला राख किंवा तेल चोळून बसतात, कारण टरफलातले तेल हात सोलवटून काढते. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर आणि कमरेवर ठरावीक जागी पुरळ उठू लागले. धोबी कपड्यांवर खूण करायला बिब्ब्याची शाई वापरत आणि पुरळ नेमके त्या खुणेखाली होते. अमेरिकन डॉक्टरांनी १९४३ मध्ये त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्या सैनिकांपैकी अनेकांचे शरीर आपल्या देशातल्या पॉयझन आयव्हीशी आधीच परिचित असणार आणि म्हणून बिब्बा त्याला अनोळखी वाटला नसावा. रेणूंचा आकार मिळताजुळता असला की स्मृती एकीची आणि शिक्षा दुसरीला, हा या आजाराचा नेहमीचा प्रकार आहे. कलपाची ॲलर्जी असलेल्याला कपड्याच्या काही गडद रंगांनी किंवा जागा बधिर करणाऱ्या बेन्झोकेनच्या मलमानेही खाज सुटू शकते. ‘हर्बल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काळ्या मेंदीत तर पुष्कळदा तेच पॅराफेनिलीनडायअमाइन मिसळलेले असते. शुद्ध मेंदीचा रंग नारिंगी-तांबडा आणि चढायला वेळ लागणारा. थोड्या वेळात काळाभोर रंग देणारी मेंदी शंकास्पदच मानावी. डब्यावर ‘अमोनियाविरहित’ लिहिले आहे म्हणून हा पदार्थ त्यात नसतो असेही नाही.

झाडपाल्याचा आणखी मोठा दाखला गाजरगवताचा. काँग्रेस गवत, चटकचांदणी अशा नावांनी ओळखली जाणारी ही वनस्पती मूळची अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातली. १९५० च्या दशकाच्या मध्यावर पुण्यात ती ठळकपणे नजरेस आली आणि तिथून देशभर पसरली. पुढे पुणे परिसरात शेतकरी आणि मोकळ्यावर काम करणारे पुरुष चिवट इसब घेऊन डॉक्टरांकडे येऊ लागले. १९७४ मध्ये लोणकर, मिचेल आणि कॅल्नन या संशोधकांनी लंडनच्या त्वचारोग नियतकालिकात या आजाराचे वर्णन केले, तेव्हा जगाला पुण्याच्या या गवताची दखल घ्यावी लागली. पार्थेनिन हे त्यातले मुख्य कारण. वाळलेल्या झाडाचे सूक्ष्म कण आणि केसाळ भुगा वाऱ्यावर उडतो, त्यामुळे गवताला हातही न लावलेल्या माणसाला हा त्रास होतो. चेहरा, मान, कोपराची आणि गुडघ्यामागची घडी लाल होते, कातडी जाड व काळपट पडते, खाजेने रात्रीची झोप जाते. उन्हामुळे असेल असे समजून माणूस टोपी घालतो. पण निव्वळ उन्हाचा त्रास वरच्या पापणीला, कानामागे आणि हनुवटीखाली सहसा होत नाही, कारण तिथे सावली असते. हवेतला कण मात्र नेमका तिथेच साठतो. वर्षे गेली की काही रुग्णांना पुढे ऊनही सोसेनासे होते आणि तेव्हा दोन्ही कारणे एकमेकांत मिसळतात. शेवंती, सूर्यफूल हे गाजरगवताचे कुळबंधू. त्यांच्याशीही मग जमत नाही. या माणसांपैकी कित्येकांनी आयुष्यभर त्याच बांधावरचे तेच गवत काढलेले असते. ‘इतकी वर्षे’ हा युक्तिवाद इथे जितका करुण वाटतो तितका दुसरीकडे कुठे वाटत नाही, कारण ती वर्षेच आजाराची वर्षे होती. गाजरगवत निर्मूलनाच्या श्रमदानात शाळेच्या मुलांना उघड्या हातांनी ते उपटायला लावणे मला म्हणूनच गंभीर चूक वाटते. उपटायचेच असेल तर फुलावर येण्याआधी, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालून, मोठ्यांनी उपटावे.

आता पोटातल्या उष्णतेचा आणि बिघडलेल्या रक्ताचा सिद्धान्त. तो खरा असता तर पुरळ अंगावर कुठेही, कसेही उठले असते. प्रत्यक्षात स्पर्शाची ॲलर्जी वस्तूचा आकार कातडीवर छापून जाते. बेंबीखाली नाण्याएवढा चट्टा असेल तर जीन्सचे बटण पाहावे. पावलावर इंग्रजी व्ही अक्षरासारखा पट्टा उमटला असेल तर रबरी चपलेचा पट्टा पाहावा. पूर्ण पावलाच्या वरच्या भागावर असेल तर चामडे कमावताना वापरलेले क्रोमियम. उजव्या हाताने सुरी धरणाऱ्या बाईच्या डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांची टोके सोलत असतील, तर त्या तीन बोटांत रोज काय धरले जाते याचा विचार करावा. लसूण सोलताना आणि चिरताना पाकळी तिथेच असते. कपाळाच्या मध्यावर टिकलीएवढा पांढरा डाग पडला की घरात कोडाची भीती शिरते, मुलीच्या लग्नाची चर्चा दबक्या आवाजात होऊ लागते. अनेकदा त्या डागामागे टिकलीच्या डिंकातले पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉल असते, जे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींनाच मारते. टिकली थांबवली की सर्व डाग भरतीलच असे नाही, पण नवे वाढणे बहुधा थांबते. वांगे, शेंगदाणे आणि आंबट सोडून यातले काही बरे होत नाही. पथ्याने नुकसान होत नाही असेही म्हणता येणार नाही, कारण पथ्य पाळत असताना खरी वस्तू अंगाला लागतच राहते आणि आधीच कमी पोषण मिळणाऱ्या बाईच्या ताटातून प्रथिने निघून जातात.

आकारावरून संशय येतो, खात्री होत नाही. खात्रीसाठी पॅच टेस्ट आहे. योझेफ याडासोन यांनी १८९५ मध्ये ग्रात्स येथे भरलेल्या जर्मन त्वचारोगतज्ज्ञांच्या परिषदेत ती मांडली. पाऱ्याच्या औषधाने पुरळ आलेल्या रुग्णाच्या कातडीवर तेच औषध छोट्या जागी लावून त्यांनी आजार मुद्दाम उमटवून दाखवला. आजही मूळ कल्पना तीच आहे. ठरलेल्या प्रमाणातले संशयित पदार्थ छोट्या चकत्यांमध्ये भरून पाठीवर चिकटवतात. निकेल सल्फेट ५ टक्के, पॅराफेनिलीनडायअमाइन १ टक्का, पोटॅशियम डायक्रोमेट ०.५ टक्के, असे. दोन दिवस पाठ भिजवायची नाही, घाम येईल असे काम करायचे नाही. ४८ तासांनी पट्ट्या काढून एकदा आणि ७२ किंवा ९६ तासांनी पुन्हा पाहायचे. दुसरी पाहणी चुकवली तर उशिरा उमटणाऱ्या ॲलर्जी निसटतात. भारतात आढळणाऱ्या ॲलर्जींची एक प्रमाणित मालिका तयार केलेली आहे आणि तिच्यात गाजरगवताचाही समावेश आहे. या चाचणीवर आक्षेप आहेत आणि ते खरे आहेत. ती प्रत्येक तालुक्याच्या गावी होत नाही, तीन-चार फेऱ्यांत रोजगार बुडतो, प्रत्येक रुग्णाला उपयुक्त उत्तर मिळतेच असे नाही, आणि निकेल सकारात्मक आले म्हणजे हातावरचा इसब निकेलमुळेच आहे असे सिद्ध होत नाही. निष्कर्ष रुग्णाच्या दिनक्रमाशी जुळवावा लागतो. पण वर्षानुवर्षे मलमे, गोळ्या आणि पथ्य यांवर होणाऱ्या खर्चापुढे ही गैरसोय फार मोठी नाही. घरच्या घरी फिनेल किंवा कपड्यांची पावडर पाठीला बांधून हा प्रयोग मात्र करू नये. तीव्र पदार्थ कोणाचीही कातडी जाळतो आणि त्यातून काहीच कळत नाही.

सगळ्यांत अवघड आक्षेप मलमाचा. औषधाच्या दुकानातून आणलेल्या ट्यूबने दोन दिवसांत खाज थांबते, मग इतका शोध कशाला? थांबते हे खरेच, कारण त्या ट्यूबमध्ये बहुधा क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोनसारखे जोरदार स्टिरॉइड असते. स्टिरॉइड वाईट औषध नाही. डॉक्टरांनी सांगितलेल्या जागी, सांगितलेले दिवस वापरले तर तीव्र दाह शमवायला त्याच्याइतके चांगले थोडेच काही आहे. पण ते टी पेशींचा आवाज दाबते, त्यांची स्मृती पुसत नाही. वस्तू अंगाला लागत राहिली तर ट्यूब संपताच पुरळ परत येते आणि नवी ट्यूब आणली जाते. महिनोन्‌महिने असे चालले की कातडी कागदासारखी पातळ होते, शिरा दिसू लागतात, चेहऱ्यावर मुरुमे आणि कायमची लाली येते. आजार मुळात नायटा असेल तर स्टिरॉइडने तो वरून मालवतो आणि आतून पसरतो. आपल्याकडे नायट्याने गेल्या काही वर्षांत धरलेल्या चिवट रूपामागे असल्या मिश्र मलमांचा मोठा वाटा आहे, असे त्वचारोगतज्ज्ञ सातत्याने सांगत आले आहेत. २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टिरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशा औषधांच्या यादीत घातली. दुकानाच्या फळीवर हा नियम किती पाळला जातो, हे कोणत्याही गावात जाऊन पाहता येईल. त्यातच मलमातली निओमायसिन, नायट्रोफ्युराझोन अशी जंतुनाशके स्वतःच ॲलर्जीची जुनी कारणे आहेत. जखम बरी होईना म्हणून औषध आणखी लावायचे आणि औषधामुळेच जखम चिघळत जायची, असे चक्र सुरू होते. इथेही रुग्ण म्हणतो, हे मलम तर आम्ही लहानपणापासून वापरतो.

शोध लागल्यावरही एक प्रश्न उरतो आणि तो केवळ वैद्यकाचा नाही. कलप सोडता येतो, खोटे दागिने काढून ठेवता येतात. बिगारी सिमेंट कसे सोडेल? शेतकरी बांध कसा सोडेल? ‘टाळा’ हा सल्ला पगारी माणसासाठी उपचार असतो आणि रोजंदारीवरच्या माणसासाठी बेरोजगारी. म्हणून मला डेन्मार्कचे उदाहरण फार मोलाचे वाटते. भट्टीत सिमेंट तयार होताना त्यात षट्‌संयुजी क्रोमियम येते, तेच पाण्यात विरघळून कातडीत शिरते. डेन्मार्कने १९८३ पासून सिमेंटमध्ये फेरस सल्फेट, म्हणजे आपला हिराकस, मिसळायला लावला. त्याने क्रोमियमचे त्रिसंयुजी रूप होते आणि ते कातडीत जवळजवळ शिरत नाही. विरघळणाऱ्या क्रोमियमची मर्यादा दशलक्ष भागांत २ भाग ठरली आणि बांधकाम कामगारांतली ही ॲलर्जी घटली. युरोपीय संघाने तोच नियम २००५ मध्ये सर्वांना लागू केला. निकेलबाबतही डेन्मार्कने १९९० मध्ये कायदा केला. अंगाला लागून राहणाऱ्या वस्तूतून दर आठवड्याला एका चौरस सेंटिमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये. त्यानंतर कान टोचलेल्या तरुण मुलींत निकेलची ॲलर्जी आधीच्या पिढीपेक्षा कमी आढळू लागली. यातून दोन गोष्टी दिसतात. वस्तू बदलली की आजार कमी होतो, म्हणजे कारण वस्तूतच होते, रक्तात नव्हते. आणि एकदा जडलेली ॲलर्जी सहसा आयुष्यभर साथ देत असल्याने, ती जडण्याआधीच रोखणे हाच सर्वांत स्वस्त उपाय आहे. हातमोजे, काम संपताच साध्या पाण्याने हातपाय धुणे, सिमेंटने भिजलेली पँट लगेच बदलणे या गोष्टी ठेकेदाराच्या मर्जीवर सोडण्यासारख्या नाहीत.

संशयित वस्तू सोडली तरी कातडी भरून यायला काही आठवडे लागतात. अनेक जण आठच दिवसांत निराश होतात, ‘सोडून पाहिले, फरक नाही’ म्हणतात आणि खऱ्या गुन्हेगाराला दुसऱ्यांदा मोकळे सोडतात. तेव्हा अंगावरचा चट्टा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही किंवा जाऊन पुन्हा त्याच जागी आला, तर दुकानातून ट्यूब आणण्याऐवजी एक कागद घ्या. गेल्या आठवड्यात त्या जागेला जे जे लागले ते लिहा: तेल, साबण, कलप, मेंदी, टिकली, दागिना, घड्याळाचा पट्टा, चप्पल, हातमोजे, भाज्या, कामाच्या ठिकाणचे पदार्थ आणि आधी लावलेली सगळी औषधे. जुन्या, वर्षानुवर्षांच्या सवयीच्या वस्तू आवर्जून लिहा. त्या यादीतून गाळण्याचा मोह सर्वाधिक होतो. त्या वस्तूंची वेष्टने आणि ट्यूब पिशवीत घालून त्वचारोगतज्ज्ञांकडे न्या आणि पॅच टेस्ट करता येईल का, हे स्वतःहून विचारा. ॲलर्जीचे नाव एकदा निश्चित कळले की ते कागदावर लिहून घ्या आणि पुढे प्रत्येक डॉक्टरला, न्हाव्याला आणि ब्यूटी पार्लरमध्ये दाखवा.